हरकत आली नाही

लढाईच्या साली पाचगणीला
पोलंडच्या आजारी बायका आणून ठेवल्या होत्या.
माझा बाप, राऊ गोळे, तिथं वॉर्डबॉय.
थुंकीच्या डब्या चुन्यानं धुवायचा.

त्यांच्यात बाईमाणसाला पानी म्हणतात.
पानी यादविगा हाक मारायची
शेजारच्या खाटेवरच्या पानी हेलेनाला,
आणि बाप पळत तांब्या भरून न्यायचा.
दोघी हसायच्या, हसता हसता खोकायच्या,
मग पाणी लागायचंच.

तिनं दिलेलं चित्र आमच्या देव्हाऱ्यात,
भैरोबाच्या टाकामागं.
उंच टोपीचा बिशप, हातात आकडी काठी,
आणि पायाशी, थडग्यातून कमरेपर्यंत वर आलेला
मातीनं माखलेला माणूस.
बिशपचं नाव आमच्या जिभेवर बसलं नाही.
आई त्याला टोपीवाला बाबा म्हणायची.
दसऱ्याला सोनं त्यालाही.

गोष्ट बापाला निम्मी खुणांनीच कळलेली.
नऊशे वर्षांमागं बिशपनं देवळासाठी जमीन घेतली,
पैसे मोजून दिले, कागद केला नाही.
विकणारा मेला.
तीन वर्षांनी पुतणे उभे राहिले, पाठीशी राजा.
बिशप म्हणाला, तीन दिवसांची मुदत द्या.
उपास धरला, कबर उकरली,
आणि ज्याची जमीन त्यालाच
हाताला धरून दरबारात आणला.
मयत बोलला : पैसे पोचले.

जगतोस का आणखी काही वर्षं, विचारलं त्याला.
नको म्हणाला. चालत परत गेला.

इथं बाप थांबायचा. विडी विझलेली असायची.
"परत गेला बघ."

पुढं राजा माजला. रयतेची घरं, रयतेच्या बायका.
भर देवळात बिशप त्याला म्हणाला,
तुला या उंबऱ्याच्या आत जागा नाही.
राजानं शिपाई धाडले. तीनदा आत गेले,
तीनदा हात लोंबते ठेवून बाहेर आले.
मग राजा स्वतः गेला. प्रार्थना चालू होती.
तुकडे करून रानात फेकले.
चार दिशांनी चार गरुड आले,
राखणीला बसले, कावळा शिवू दिला नाही.
आई म्हणायची, कावळा शिवला नाही
म्हणजे काहीतरी राहिलं असणार मनात.

मी तलाठी झालो. जावळीत एकोणतीस वर्षं.
माझ्या सातबारांवर मेलेली माणसं रांगेनं बसलेली.
मयत सोनू धाकू पार्टे : कासच्या अंगाला सव्वादोन एकर.
सोनूनं ती शाळेला दिलेली, तोंडी,
पारावर, सगळ्या वाडीदेखत.
एक्क्याण्णव साली पुतण्यांनी पुण्याच्या माणसाला विकली.
फोन आला. राजाचा नव्हता,
राजाच्या माणसाच्या माणसाचा.
मी म्हणालो, तीन दिवस द्या साहेब.

पहिल्या दिवशी ताप आल्याचं कळवलं.
दुसऱ्या दिवशी लेकीच्या कॉलेजची फी भरली,
येताना मटण आणलं.
तिसऱ्या दिवशी फेरफार धरला.
शेरा लिहिला : मुदतीत हरकत आली नाही.
ते खोटं नव्हतं.
स्मशानात नोटीस डकवायची पद्धत नाही,
आणि सोनूला तर जाळलेला,
उठून यायला अंग कुठलं?
वाडी गप्प बसली. मास्तर एकदा येऊन
नुसता खुर्चीवर बसून गेला.

आता तिथं हॉटेल आहे. वरनं दरी बरी दिसते म्हणतात.

संध्याकाळी मी टेबललँडवर जाऊन बसतो.
घारी फिरतात, बऱ्याच खाली येतात.
त्यांचं लक्ष पर्यटकांच्या कणसांवर असतं.

परवा देव्हारा पुसताना चित्र काढलं.
वाळवी लागलीय. माणूस शाबूत आहे, काठी आहे,
बिशपचं तेवढं एक बोट खाल्लंय,
मयताकडं दाखवणारं.
हात अजून तसाच पुढं केलेला.
कुणाकडं, ते आता सांगता येत नाही.